सहाशे सेकंदांच्या पुढे

३ मार्च, सोमवार
पाण्याचं तापमान २४.

हे रजिस्टर प्रयोगशाळेतलं आहे. कपाटात कोरं पडून होतं, म्हणून घरी आणलं. चोरी म्हणा हवं तर. दैनंदिनी लिहिणाऱ्यांतली मी नव्हे, पण तारीख, तापमान, शेरा असे आखलेले रकाने दिसले की मला ते भरावेसे वाटतात. बावीस वर्षांच्या नोकरीची सवय.

सत्तावीस जानेवारीला नवरा गेला. शाळेची बस चालवायचा. छातीत दुखायला लागल्यावर त्याने बस कडेला घेतली, ब्रेक ओढला, मुलांना म्हणाला, "जागेवरच बसा रे," आणि गेला. पाच आठवड्यांनी मी आज कामावर गेले.

सगळ्यांनी तोंडं लांब केली होती. फाटकावरचा वॉचमन रोज "या, उशीरबाई" म्हणतो, आज उठून उभा राहिला आणि मान खाली घातली. मॅडम, म्हणजे आमच्या प्रमुख, माशांखेरीज जगात कशाकडे बघत नाहीत. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि तो काढायचा कधी ते त्यांना कळेना. शेवटी मीच म्हटलं, "मॅडम, फिल्टर बघून येते." सुटल्या बिचाऱ्या.

मी ठीक आहे. सगळ्यांना तेच सांगितलं आणि ते खरंच आहे, हीच पंचाईत. आत काही हलत नाही. दाताच्या डॉक्टरने सुई टोचल्यावर गाल आपला असून आपला वाटत नाही, तसं अंगभर झालंय. चहा पिते, गरम आहे एवढं कळतं.

लेक घरी आल्यावर "जेवलीस का?" विचारलं. "हो" म्हणाली. झालं आजचं बोलणं.

५ मार्च, बुधवार
तापमान २४.

लेक लहान असताना विचारायची, "आई, तू कामावर काय करतेस?" मी म्हणायचे, "मासे बघते." नीट कधी सांगितलंच नाही. आज लिहून ठेवते.

आमच्याकडे चौसष्ट मासे आहेत, बोटाएवढे. प्रत्येकाची टाकी वेगळी, वर नंबर. परीक्षा अशी : माशाला मोठ्या टाकीतल्या काळ्या खोक्यात सोडायचं, दोन मिनिटं शांत ठेवायचं, मग पडद्याआडून दोरी ओढायची. खोक्याची झडप वर जाते. मासा पूर्ण बाहेर यायला किती सेकंद लागले ते लिहायचं. बस, एवढंच. हा प्रयोग सुरू झाल्यापासून, अकरा वर्षं, मी दोरी ओढतेय.

मॅडमचं म्हणणं असं की मासा म्हणजे नुसता मासा नव्हे, ज्याला त्याला स्वभाव असतो आणि तो टिकतो. हे मला पहिल्या महिन्यातच पटलं होतं. बारा नंबर बघा : आठ सेकंद, नऊ, सात, आठ. उपाशी ठेवा, पोटभर खाऊ घाला, पाणी बदला, झडप वर गेली की हा बाहेर. तेवीस नंबर आधी नाक बाहेर काढतो, मिनिटभर विचार करतो आणि मग येतो. दरवेळी तसंच. साठ नंबर बाहेर येतो, परत आत जातो, पुन्हा येतो. काहीतरी विसरल्यासारखा.

नवऱ्याला हे फार आवडायचं. म्हणायचा, "मी बारा नंबर. तुझी वन्सं पण बारा नंबर, आमचं खानदानच बारा नंबर. तू कुठला?" मी म्हणायचे, "मी घड्याळवाली."

नऊ मासे असे आहेत की ते बाहेर येतच नाहीत. सहाशे सेकंद, म्हणजे दहा मिनिटं वाट बघायची, मग ६०० लिहायचं आणि जाळीने काढून परत टाकीत सोडायचं. त्यांतला एक्केचाळीस नंबर सगळ्यात ठाम. वर्षभरात पंधरा वेळा परीक्षा आणि पंधराही वेळा ६००. आकडेवाल्याच्या तक्त्यात हे नऊ जण "प्रतिसाद नाही" या खान्यात एकत्र आहेत. आकडेवाला म्हणजे आमचे हिशेबतज्ज्ञ, साठीला टेकलेले, तोंडात कायम दात कोरायची काडी.

एप्रिलमध्ये नवे मासे यायचेत, टाक्या हव्यात. त्यामुळे हे नऊ जण महिनाअखेर काढायचे. काढायचे म्हणजे औषधाच्या बादलीत. झोपल्यासारखे होतात आणि संपतात. हे काम माझंच असतं आणि त्याचं मला कधी काही वाटलेलं नाही. आता तर काय, कशाचंच वाटत नाही.

८ मार्च, शनिवार

नणंद आली होती. नवऱ्याची थोरली बहीण, पाच तासांवरच्या गावी राहते. दारातच लेकीला मिठी मारून हमसून रडली, मग नवऱ्याच्या चपलांपाशी रडली, मग चहा पिताना. लेकही तिच्या गळ्यात पडून रडली. मी कपबशा घेऊन मध्ये उभी. बशीत चहा सांडला तो पुसला.

मग स्वयंपाकघरात मला म्हणाली, "एक विचारू? राग मानू नकोस. सव्वा महिना झाला, तुझ्या डोळ्यांतून टिपूस नाही. लोक बोलतात गं."

"काय बोलतात?"

"हेच, की दगड आहे. मी म्हणते, असेल बाई, मनातल्या मनात असेल. पण पोरीला काय दिसतं? तिला आईसुद्धा गेल्यासारखी वाटते."

मी म्हटलं, "ताई, रडू येत नाही तर काय करू? कांदा चिरू?"

हे बोलायला नको होतं. दारात लेक उभी होती. सोळा वर्षांची आहे, बापासारखी उंच झालीय. नवरा तिला ठकू म्हणायचा, मी नावानेच हाक मारते.

ती म्हणाली, "आई, तुला खरंच काही वाटत नाही?"

मी खोटं बोलू शकले असते. पण मला आकडा जसा असेल तसा लिहायची सवय. म्हटलं, "अजून नाही वाटत."

"अजून म्हणजे? कधी वाटणार?"

"माहीत नाही गं."

ती आत गेली आणि दार लावून घेतलं. आपटलं असतं तर बरं झालं असतं. हळू लावलं.

९ मार्च, रविवार

ठरलं. लेक आत्याकडे राहणार. तिथल्या शाळेत जागा आहे, बारावी तिथेच करायची. तीस तारखेला, रविवारी, सकाळी अकराला आत्या आणि तिचे यजमान गाडी घेऊन येणार.

मला विचारलं, "चालेल ना?" मी म्हटलं, "तुला बरं वाटत असेल तर चालेल." लेक माझ्याकडे बघत राहिली. मी आणखी काहीतरी म्हणायला हवं होतं बहुतेक. काय ते अजून सुचलेलं नाही.

निघण्यापूर्वी नणंदेने स्टुलावर चढून स्वयंपाकघरातलं घड्याळ उतरवलं. बंद पडलं होतं म्हणे. सेल बदलला, मोबाईलवर वेळ बघून लावलं आणि परत टांगलं. ती बाई हाताला चपळ आहे. घड्याळ बंद आहे हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं, सेल नेहमी नवराच बदलायचा.

१० मार्च, सोमवार
तापमान २३. हीटर वाढवला.

पोहोचायला पंधरा मिनिटं उशीर. बस हुकली.

१२ मार्च, बुधवार
तापमान २४.

पुन्हा उशीर. बसवाल्यांनी वेळ बदललीय की काय? वॉचमन आज परत "या, उशीरबाई" म्हणाला आणि लगेच जीभ चावली. मी म्हटलं, "म्हणा हो, बरं वाटतं." खरं तर बरंही वाटलं नाही आणि वाईटही नाही.

संध्याकाळी आईचा फोन. माझी आई, वय एक्क्याऐंशी, ऐकू कमी येतं म्हणून ओरडून बोलते. "रडलीस का?" म्हणाली. नाही म्हटलं. "तू अशीच! लहानपणी आपला काळ्या कुत्रा मेला, तुझा भाऊ तीन दिवस जेवला नाही. तू मात्र गपगुमान शाळेत. आणि मग सहा महिन्यांनी कोळशाच्या खोलीत काळ्याचं ताट सापडलं तेव्हा असं भोकाड पसरलंस की शेजारी धावत आले!"

मला काही आठवत नाही. आईचं हल्ली इकडचं तिकडे होतं.

१४ मार्च, शुक्रवार
तापमान २४.

आज एक भानगड झाली.

सकाळी एक्केचाळीस नंबरची परीक्षा चालू होती. मी दोरी ओढली, घड्याळ सुरू केलं आणि दोन मिनिटांत लेकीच्या शाळेतून फोन. ती वर्गात नाही म्हणे. दुसरी आई धावत सुटली असती. मी नुसती उठले आणि गेले. शाळेच्या मागच्या मैदानात, जिथे त्याची बस उभी असायची, तिथे कठड्यावर बसली होती. आता तिथे दुसरी बस असते. मी शेजारी बसले. तिने विचारलं, "कशाला आलीस?" म्हटलं, "फोन आला म्हणून." थोड्या वेळाने वर्गात सोडलं तिला आणि परत आले.

आणखी दोन शब्द होते का त्या जागी? "काळजी वाटली म्हणून" असे दोन-तीन शब्द आता लिहिताना दिसतात. तिथे दिसले नाहीत.

परत आले तर तास उलटून गेलेला आणि एक्केचाळीस नंबर टाकीच्या मधोमध. आरामात. मला वाटलं, झडप पडली, खोकं हललं, काहीतरी झालं असणार. कॅमेरा चालूच होता म्हणून चित्रण मागे नेऊन बघितलं. काही झालं नव्हतं. तो आपला आपण बाहेर आला होता. वेळ एकोणीस मिनिटं चाळीस सेकंद.

१७ मार्च, सोमवार
तापमान २४. उशीर पंधरा मिनिटं.

जेवणाच्या सुट्टीत कुणाला न सांगता परत एक्केचाळीसची परीक्षा घेतली आणि दहा मिनिटं झाल्यावर उठले नाही. डबा मांडीवर ठेवून बसले. वीस मिनिटं पाच सेकंदांनी आला.

१८ मार्च, मंगळवार

एकोणीस मिनिटं पन्नास.

१९ मार्च, बुधवार

वीस मिनिटं बारा सेकंद. आता मॅडमना सांगावंच लागेल.

२० मार्च, गुरुवार
तापमान २५.

सांगितलं. मॅडम खुर्चीत मागे रेलल्या. आकडेवाल्यांनी तोंडातली काडी काढली, हे मी अकरा वर्षांत पहिल्यांदा बघितलं.

"दहा मिनिटंच का?" मॅडमनी विचारलं. "दहाच्या पुढे बघायचं नाही, हे ठरवलं कुणी?"

कुणालाच आठवेना. जुन्या फायली काढल्या, सगळ्या प्रबंधांत लिहिलेलं की कमाल मर्यादा सहाशे सेकंद, पण कारण कुठेही नाही. मग मी पहिल्या वर्षाचं रजिस्टर उघडलं. माझंच अक्षर. पहिल्याच पानावर : "घड्याळ नाही. घरून अंड्याचा टायमर आणला."

माझ्या स्वयंपाकघरातला टायमर. लाल, पिळायचा, अंडी उकडताना लावायचा. त्याच्यावर आकडे दहापर्यंतच होते. त्याची घंटा वाजली की मी ६०० लिहायचे. वर्षभराने चांगलं घड्याळ आलं, टायमर गेला, दहा मिनिटं तशीच राहिली. अकरा वर्षं, तीन प्रबंध, सगळं माझ्या अंड्यांच्या हिशेबाने.

मी म्हटलं, "मॅडम, चूक माझी."

"तुमची कशी? सह्या माझ्या आहेत." कपाळ धरून बसल्या.

आकडेवाले मात्र भलतेच खुलले. "म्हणजे बघा, सहाशे हा त्या माशांचा आकडाच नाही. तो आपला आकडा आहे. आपण उठून जातो तो क्षण. त्यांचा खरा आकडा आपण कधी घेतलाच नाही! आणि मी त्यांना एका खान्यात कोंबलं!"

"मग बादली?" मी विचारलं.

मॅडम म्हणाल्या, "ठेवा ती माळ्यावर. नऊच्या नऊ पुन्हा बघायचे. कितीही वेळ लागू दे."

मला बरं वाटलं असं लिहिणार होते. नक्की सांगता येत नाही. काहीतरी सैल झालं, एवढं खरं.

२२ मार्च, शनिवार
तापमान २४.

नवांपैकी सात जणांचं पहिलं माप झालं. सगळे "प्रतिसाद नाही" वाले, पण एक अकरा मिनिटांनी आला. म्हणजे मिनिटभर जास्त बसले असते तर दिसला असता. एक सतरा. एक्केचाळीस नेहमीप्रमाणे वीस. दोघे अर्ध्या तासाच्या आसपास. एक पन्नास मिनिटांनी. पाच नंबर दोन तासांनीही आला नाही, त्याला आम्ही नमस्कार केला. बाकी दोघे सोमवारी.

दुपारी लेक आली. शाळा बदलायच्या फॉर्मवर माझी सही हवी होती. मी पडद्याआड होते, एक्केचाळीसची झडप नुकतीच उघडली होती. मी ओठांवर बोट ठेवलं आणि स्टूल पुढे केलं. वाटलं, फॉर्म ठेवून जाईल. बसली.

हनुवटी तळहातावर टेकवून खोक्याकडे बघू लागली. मग कुजबुजली, "आत काय करतो इतका वेळ?"

"माहीत नाही. खोक्याला काच नाही."

"घाबरलाय का?"

"मॅडम म्हणतात, घाबरण्याचा आणि वेळ लागण्याचा संबंध असेलच असं नाही. बाहेर आल्यावर तो बाकीच्यांसारखाच पोहतो, खातो. त्याला वेळ लागतो फक्त."

"आणि तुम्ही आधी दहा मिनिटांनी काढायचात त्याला."

"हो."

"जाळीने."

"हो. अंड्याच्या टायमरमुळे." मग तिला टायमरची सगळी गोष्ट सांगितली. ती तोंडावर हात ठेवून हसली. जानेवारीनंतर पहिल्यांदा. मीही हसायला तोंड उघडलं, पण आवाज आला नाही.

वीस मिनिटं नऊ सेकंदांनी एक्केचाळीस बाहेर आला. लेकीने माझा दंड घट्ट धरला. मग रजिस्टर ओढून तिनेच आकडा लिहिला. तिचा दोनचा आणि नऊचा आकडा अगदी बापासारखा आहे, शेपटी लांब. मी फॉर्मवर सही केली. तिने तो लगेच पिशवीत टाकला नाही, थोडा वेळ हातात धरून उभी राहिली. शाई वाळायची वाट बघत असावी.

२६ मार्च, बुधवार
तापमान २४. उशीर.

वॉचमन म्हणतो, "बाई, तुम्ही पूर्वी पाच मिनिटं उशिरा यायच्या, आता वीस. तुमचे साहेब घरचं घड्याळ पुढे ठेवायचे ना तुमच्यासाठी?"

खरं आहे ते. मला लग्नाआधीपासून सगळीकडे उशीर होतो. म्हणून नवऱ्याने पहिल्याच महिन्यात स्वयंपाकघरातलं घड्याळ पंधरा मिनिटं पुढे केलं. मला ते माहीत होतं, त्यामुळे मी मनात पंधरा वजा करायचे. त्यालाही माहीत होतं की मी वजा करते. तो म्हणायचा, "कर वजा, पण वजा करायला तरी घड्याळाकडे बघशील." एकोणीस वर्षं चाललं हे. आता हात धुता धुता आपोआप वजाबाकी होते.

घड्याळ चालू आहे, मी रोज बघते. तेव्हा दोष बसचाच.

२९ मार्च, शनिवार

बॅग भरली. लेकीचे हिवाळी कपडे, पुस्तकं, बापाचा निळा स्वेटर. तो तिने घडी न करता खाली कोंबला, मी काढून घडी केली. ती म्हणाली, "नको गं घडी करूस, वास जातो." मी तिथेच थांबले हातात स्वेटर धरून. तिला वाटलं मी काही बोलणार. मग मी तो तसाच परत ठेवला.

तिचे शाळेचे बूट तळ उसवले म्हणून कोपऱ्यावरच्या चांभाराकडे दिलेत. उद्या सकाळी मिळतील.

माझ्या मुलीने जाऊ नये असं मला वाटतं. हे वाक्य लिहिलं. तिच्यासमोर बोलता येईल का ते बघते उद्या.

३० मार्च, रविवार

सगळं क्रमाने लिहिते, नाहीतर घोळ होईल.

सकाळी आंघोळ, चहा. स्वयंपाकघरात घड्याळात दहा पंचावन्न झाले होते, म्हणजे दहा चाळीस. अकराला गाडी. म्हटलं, वीस मिनिटं आहेत, बूट घेऊन येते. लेक तिच्या खोलीत होती. "आलेच" म्हणून गेले. चांभाराने एका बुटाला अजून दोन टाके घालायचे ठेवले होते, मी उभी राहिले, घाई नव्हती. मनात ते वाक्य घोळवत होते. जाऊ नकोस. तू जाऊ नकोस. मला वाटतं तू जाऊ नयेस. कुठलं बरं वाटेल ते बघत होते.

परत आले तर खाली गाडी नाही. वर आले, दार नुसतं लोटलेलं, बॅग नाही. पर्समधून फोन काढला : अकरा वाजून बारा मिनिटं. नणंदेचे तीन फोन येऊन गेलेले, पर्समध्ये ऐकूच आले नव्हते.

मी स्वयंपाकघरात गेले, का कोण जाणे. घड्याळात बघितलं. अकरा बारा.

फोनमध्ये अकरा बारा. घड्याळात अकरा बारा.

मी दोनदा बघितलं. घड्याळ बरोबर होतं. पंधरा मिनिटं नव्हती. तीन आठवडे नव्हती आणि मी रोज वजा करत होते. माझ्यासाठी पुढे ठेवलेली पंधरा मिनिटं, एकोणीस वर्षं रोज, आणि आता ती ठेवणारा माणूस नाही. तो मेलाय. मेलाय तो. हे मला सत्तावीस जानेवारीपासून माहीत होतं आणि आज कळलं.

पुढचं मला नीट सांगता येणार नाही. मी बूट धरून फरशीवर बसले आणि माझ्या तोंडून जो आवाज आला तो मी आधी कधी ऐकला नव्हता. मला वाटलं शेजारी कुणाचं तरी काही झालं. त्याला नावाने हाका मारल्या. रागाने मारल्या. घड्याळ नीट लावता येत नाही का म्हणून ओरडले. नाक, डोळे, सगळं वाहत होतं, छातीत कळा येत होत्या, दुखत होतं, इतकं दुखत होतं. हे सगळं आत होतं?

मग पाठीवर एक हात आला. लेक होती.

मी म्हटलं, "तू गेलीस ना?"

"मागच्या गॅलरीत होते."

"गाडी गेली."

"हो. आत्याला पाठवलं." तीही रडत होती. फरशीवर माझ्याशेजारी बसली, पाय पसरून, लहान असताना बसायची तशी. "अकरा वाजले, तू आली नाहीस. आत्या म्हणाली, बघ, निरोप द्यायलासुद्धा नाही आली. मी म्हटलं, येईल. तिला वेळ लागतो."

मी तिला कवटाळून ते वाक्य म्हटलं. जसं ठरवलं होतं तसं नाही आलं. "ठकू, जाऊ नकोस गं," एवढंच आलं. ठकू कशी म्हणाले कोण जाणे.

दुपारी नणंदेचा फोन. रागावली नव्हती. माझा आवाज ऐकला आणि तिकडून तीही सुरू झाली, दोघी कितीतरी वेळ नुसत्या फोनवर रडलो. मग नाक ओढत म्हणाली, "अगं, एक घोटाळा झालाय. बॅग डिकीतच आहे." पोरगी इथे आणि तिचे सगळे कपडे पाच तासांवर. लेक आत्ता माझा गाऊन घालून फिरतेय, गुडघ्यापर्यंत येतो. पुढच्या शनिवारी जाऊन आणू. दोघी जाऊ.

संध्याकाळी स्टुलावर चढून घड्याळ पंधरा मिनिटं पुढे केलं. लेकीने स्टूल धरलं होतं.

आता हे लिहायला रजिस्टर उघडलं तर आजच्या पानावर आधीच काहीतरी लिहिलेलं. शेऱ्याच्या रकान्यात, निळ्या पेनने. म्हणजे ही बया माझं रजिस्टर वाचते. कधीपासून, देव जाणे. दोनचा आकडा बापासारखा, शेपटी लांब :

"बाहेर आली. ६२ दिवस. मी बघत होते."

तारीख घातलेली नाही. कितीदा सांगितलंय, नोंद केली की तारीख घालायची. मी घातली.